रस्त्यावरील मृत्यू आणि आपली व्यापारी जबाबदारी

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारपेठेची स्थिती, करपद्धतीतील फेरबदल, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, समाजाच्या संस्थांची प्रगती इत्यादी विषयांचा ऊहापोह होत असतो आणि तो व्हावयासही हवा. या वेळी मी सभासद बंधुभगिनींचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. रस्त्यांवरील अपघातांत होणारे मृत्यू हा विषय प्रथमदर्शनी पोलिसांचा, डॉक्टरांचा किंवा फार तर विमा कंपन्यांचा वाटतो. व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, आपला माल रस्त्याने येतो, रस्त्याने जातो. आपले गुमास्ते वसुलीसाठी रस्त्याने हिंडतात. आपली मुले दुचाकीवरून महाविद्यालयात जातात. आणि आपले पूज्य साधुसाध्वी रस्त्यानेच पायी विहार करतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्याबाहेरचा नव्हे.

व्यापाऱ्याची पहिली सवय हिशेब पाहण्याची असते, म्हणून आरंभ आकड्यांनीच करू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दर तासाला एकोणीस. २०२३ साली हा आकडा कमी न होता १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. २०२२ साली महाराष्ट्रात १५,२२४, मध्य प्रदेशात १३,४२७ आणि कर्नाटकात ११,७०२ मृत्यू झाले. गोव्यासारख्या लहानशा राज्यातही २७१ कुटुंबांवर हा प्रसंग आला. एखाद्या साथीच्या रोगाने इतकी माणसे दगावली असती तर आपण बाजार बंद ठेवून सभा भरवल्या असत्या. रस्त्यावरील मृत्यू मात्र एकेक दोनदोन करून, निरनिराळ्या गावी होतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात, आणि आपण ‘दैव’ म्हणून पान उलटतो.

हा दैवाचा शब्दच प्रथम तपासून पाहिला पाहिजे. जे दैवाधीन असते त्यात ठराविक रीत सापडत नाही. या मृत्यूंची मात्र एक ठराविक रीत आहे, आणि ती वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के आहे, परंतु २०२२ च्या मृत्यूंपैकी ३६ टक्क्यांहून अधिक मृत्यू त्याच दोन टक्क्यांवर झाले. मृतांपैकी दर शंभरांत सुमारे ४४ दुचाकीवर बसलेले होते आणि १९ पायी चालणारे. मोटारी, टॅक्सी व तत्सम हलक्या वाहनांतील लोक जेमतेम १२ ते १३ होते. म्हणजे ज्याच्या अंगाभोवती लोखंडाचा पत्रा नाही, तोच अधिक मरतो. दाट धुके, मुसळधार पाऊस, नागमोडी घाट यांना आपण भितो. पण सुमारे तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवेत घडतात आणि दोन तृतीयांश सरळ रस्त्यावर. दिवसाच्या सर्व वेळांत संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत, म्हणजे दुकाने बंद करून माणसे घरी परतू लागतात त्या वेळी, सर्वांत जास्त अपघात होतात. मृतांपैकी ६६ टक्क्यांहून अधिक लोक १८ ते ४५ या वयाचे असतात. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. या वयाचा माणूस म्हणजे घरचा कर्ता पुरुष, नुकतेच पेढीवर बसू लागलेला मुलगा, लहान मुलांची आई. त्याच्या जाण्याने केवळ एक जीव जात नाही; उधारी बुडते, पेढीचे नाव खाली येते, आणि विधवेला दिरांच्या तोंडाकडे पाहत दिवस काढावे लागतात.

आता कारणांकडे वळू. सरकारी अहवालात कारणांचा एक रकाना असतो. त्यात २०२२ सालच्या मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले असे नोंदले आहे. मद्यपान, उलट दिशेने वाहन हाकणे, मोबाईलवर बोलणे ही कारणे त्याच्या खूप मागे आहेत. वेग मारतो यात संशय नाही. गाडीच्या आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी चाळीस किलोमीटरची गाडी ताशी ऐंशीने गेली की आघात दुप्पट न होता चौपट होतो. ताशी ऐंशीने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. चालकाचा केवळ तीन सेकंद डोळा लागला तरी सहासष्ट मीटर अंतर ती कोणाच्याही ताब्यात नसते. इतके असूनही, ‘अतिवेग’ एवढा शब्द लिहून कारणमीमांसा पुरी झाली असे मला वाटत नाही. पंचनाम्यातला रकाना शेवटच्या माणसाचे नाव सांगतो. ज्याच्या हाती चाक होते तो दोषी ठरतो. त्या माणसाला वेगाने जाणे कोणी भाग पाडले, हा प्रश्न विचारण्यासाठी तेथे रकानाच नाही. तो प्रश्न आपण व्यापाऱ्यांनी स्वतःला विचारावयाचा आहे, आणि माझ्या मते प्रस्तुत विषयातील आपला भाग तोच आहे.

एक साधे गणित मांडतो. बेळगावहून वाशीचा बाजार पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात आहे. वाटेत खंबाटकी व खंडाळ्याचे घाट, टोलनाके, पुण्याभोवतीची गर्दी. पूर्ण भरलेला मालट्रक सरासरी ताशी चाळीसने गेला तरी त्याने चांगली मजल मारली असे म्हणावे लागेल. त्या हिशेबाने निव्वळ चालण्याचे बारा तास होतात. जेवण, चहा, लघुशंका यांचा वेळ निराळा. आता आपण काय करतो? रात्री आठला गाडी भरून देतो आणि पहाटे सहाला माल बाजारात उतरला पाहिजे असे बजावतो. म्हणजे बारा तासांचे काम दहा तासांत मागतो. मागणी तोंडातून निघाली त्याच क्षणी अतिवेग तिच्यात आलेला असतो. चालक केवळ तो रस्त्यावर उतरवतो. शिवाय हा चालक रात्री आठला ताजातवाना होऊन आलेला नसतो. हमाल मिळेपर्यंत, बिल्टी तयार होईपर्यंत, तो सकाळपासून आपल्या गोदामाच्या दारात गाडीत बसून असतो. त्याचा दिवस तेथेच सुरू झालेला असतो आणि रात्र आपण त्याला जोडून देतो. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली होती आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. मर्यादा साठ वर्षांपूर्वीच कायद्यात आली. आपल्या मालधंद्याच्या रिवाजात ती आलीच नाही.

वेगाच्या जोडीला भार येतो. दहा टनांच्या गाडीत बारा टन घातले की भाडे टनामागे कमी पडते, हे आपण सारे जाणतो. पण त्या जादा मालाने गाडी थांबण्याचे अंतर वाढते, ब्रेक तापतात, टायर फुटतात आणि उतारावर गाडी चालकाच्या हाती राहत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. सभासदांनी त्या कलमातील शब्द मुद्दाम वाचावेत. तेथे केवळ गाडी हाकणारा अभिप्रेत नाही. तशी गाडी हाकावयास लावणारा किंवा हाकू देणाराही त्यात धरला आहे.

काटकसरीची आपली सवयही येथे घातक ठरते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर एका अवजड मालवाहू गाडीने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा तपासात पुढे आल्याचे पोलिसांनी सांगितले होते. इंजिन बंद झाले की ब्रेकला लागणारी हवा भरणे थांबते आणि इंजिनाची रोखही मिळत नाही. चार-दोन लिटर डिझेल वाचते आणि पन्नास घरांवर संकट येते. चालकाला ठराविक डिझेल मोजून देऊन ‘वाचेल ते तुझे’ असा करार जेथे असतो, तेथे या अपघाताचे मूळ त्या कराराशी जाऊन पोहोचते.

माल आणि माणूस एकाच गाडीत घालणे ही अशीच दुसरी घातक चाल. २२ जानेवारी २०२५ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूरजवळ घाटात फळे व भाजीपाला भरलेला ट्रक दरीत कोसळला आणि दहा जण जागच्या जागी किंवा नंतर प्राणास मुकले. ही माणसे हावेरी जिल्ह्यातील सवणूरहून कुमठ्याच्या बाजारास निघालेले छोटे विक्रेते होते. आपल्याच मालाच्या गाडीत बसून चालले होते. ते आपल्याच वर्गातले, फक्त भांडवलाने लहान. वेगळ्या प्रवासाचे पैसे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामातील हमाल पोत्यांवर बसून परत येतात, त्यांची गोष्टही याहून निराळी नाही.

येथे कोणी म्हणेल की, सारा दोष व्यापाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे; रस्ते वाईट, त्याला व्यापारी काय करणार? हा आक्षेप अंशतः खरा आहे. बेळगावकडून हुबळीस जाणाऱ्या आपल्या सभासदांना धारवाड-हुबळी बायपासचा अनुभव आहे. दोन्ही बाजूंना चौपदरी महामार्ग आणि मध्ये सुमारे तीस किलोमीटर दुभाजक नसलेला दुपदरी रस्ता, अशी त्याची स्थिती वर्षानुवर्षे होती. चौपदरी रस्त्यावरचा वेग अंगात भिनलेला चालक एकाएकी समोरासमोरच्या वाहतुकीत शिरत असे. १५ जानेवारी २०२१ रोजी इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याहून गोव्यास निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीची व टिपरची समोरासमोर टक्कर होऊन दहाहून अधिक जणांचा अंत झाला. त्यानंतर लोकांनी आवाज उठवला आणि २०२२ साली तो रस्ता रुंद करण्याच्या कामाची कोनशिला बसली. म्हणजे रस्त्याची रचना हे मृत्यूचे कारण असते हे खरेच; पण रचना बदलता येते हेही तितकेच खरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने मिळून प्रत्येक अपघाताचे स्थान व कारण तपासण्याचे काम हाती घेतले. जेथे कठडे उघडे होते तेथे ते झाकले, रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्या हटवल्या, वेगावर नजर ठेवली. २०२३ पर्यंत तेथील वार्षिक मृत्यूंची संख्या निम्म्याहून अधिक घटली. रस्ता तोच, घाट तोच, माणसेही तीच. दैव बदलले नव्हते. व्यवस्था बदलली होती.

तेव्हा रस्त्याविषयी सरकारला जाब विचारावा, आणि संघाने तो लेखी विचारावा. आपल्या भागात ऊस गळिताच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या, बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर चालतात किंवा बंद पडून उभ्या राहतात. एकूण अपघातांत सुमारे पाचवा हिस्सा मागून धडक बसण्याचा असतो हे लक्षात घेतले, म्हणजे या ट्रॉल्यांचे भय कळते. साखर कारखान्यांशी व्यवहार करणारे आपले अनेक सभासद आहेत. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावण्यास लागणारा खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या पुढे जात नाही. पण सरकारकडे बोट दाखवताना आपल्या गोदामाच्या दारातून निघणारी गाडी आपल्याच ताब्यात आहे, हे विसरून चालणार नाही.

आपल्या घरातही पाहू. २०२२ साली पन्नास हजारांवर माणसे हेल्मेट न घातलेल्या स्थितीत मरण पावली. त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षावरून दिसून आले आहे. आपण लाखाची गाडी घेतो, तिच्यावर पूजेचे स्वस्तिक काढतो, आणि हेल्मेट पोलीस दिसला की कोपरात अडकवतो. वसुलीच्या नोकराला आपण दुचाकी देतो. त्याच्याबरोबर मानक चिन्हाचे हेल्मेट देणाऱ्या पेढ्या किती, हे ज्याचे त्याने पाहावे. मोटारीतील सीटबेल्टची कथाही तशीच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. गाडी उत्तम होती, रस्ता महामार्ग होता. ते मागच्या आसनावर होते आणि सीटबेल्ट लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा हा नियम आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. परंतु मागची जागा ही मानाची जागा, तेथे शेठजींनी पट्टा कशाला लावावयाचा, अशी आपली समजूत. मान आणि सुरक्षितता यांची ही गल्लत सोडली पाहिजे.

अल्पवयीन मुलांच्या हाती वाहन देणे हा आपल्या सुस्थितीतील घरांचा विशेष दोष आहे. दहावीत चांगले गुण मिळाले की स्कूटर, ही जणू रीतच पडली आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा सारा देश हळहळला. मुलाने केलेल्या अशा गुन्ह्याबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड कायद्याने सांगितला आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, अठरा वर्षे होईपर्यंत मुलाला सायकल किंवा बस पुरते असे सांगण्यास बापाला फार मोठे धैर्य लागू नये.

अपघात घडल्यानंतरचा पहिला तास जीव वाचवण्याच्या दृष्टीने मोलाचा असतो. पूर्वी पोलिसांच्या चौकशीच्या भयाने लोक जखमीला हात लावत नसत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यास संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यात आले. मदत करणाऱ्यास आपले नावगाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची सोय केली आहे. महामार्गालगत ज्यांची दुकाने, पेट्रोल पंप, गोदामे आहेत अशा सभासदांनी एवढी माहिती आपल्या नोकरांना समजावून सांगितली तरी काही जीव वाचतील.

आपल्या धर्मविचाराशी या विषयाचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. आपले सर्व संप्रदाय मानतात त्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करतानाच ‘प्रमाद’ हा शब्द घातला आहे. मारण्याची इच्छा नव्हती एवढ्याने माणूस सुटत नाही. बेफिकिरीने प्राण गेला तर तीही हिंसाच. चालताना चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे ही ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे. तिचे पालन करीत, पहाटेच्या अंधुक उजेडात महामार्गाच्या कडेने विहार करणारे साधुसाध्वी भरधाव वाहनाखाली सापडल्याच्या वार्ता आपण वारंवार ऐकतो आणि शोकसभा घेतो. जे मुंगीला जपत चालतात, त्यांना जपून चालणारे वाहन मिळू नये, हे दुःख मोठे आहे. पण त्या वाहनांत कोणाचा माल होता, तो किती वाजता पोहोचवण्याचा तगादा होता, हे शोकसभेत कोणी विचारत नाही. कदाचित तो आपल्यापैकीच कोणाचा असेल. विहारात साधूंच्या पुढेमागे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून चालणाऱ्या तरुणांची सेवा स्तुत्य आहे; तिला आपल्या बिल्टीतील अटींची जोड मिळावयास हवी.

‘मी एकट्याने वेळ वाढवून दिली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानी जाईल’, ही अडचण मला मान्य आहे. स्पर्धेच्या बाजारात एकाने संयम पाळला तर तो एकटाच मार खातो. परंतु नेमक्या याच अडचणीसाठी संघ असतो. मापात खोट नको, दलालीत लपवाछपवी नको, असे दंडक व्यापारी संघांनी पूर्वी घालून घेतले आणि ते पाळल्याने कोणाचा धंदा बुडाला नाही. उलट बाजाराची पत वाढली. माणसाच्या प्राणाविषयी तसाच दंडक घालून घेणे अशक्य नाही.

म्हणून माझी कार्यकारिणीस नम्र सूचना आहे की, येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुढील ठराव विचारार्थ घ्यावेत. एक, सभासदांच्या मालाची पोहोच ठरवताना भरलेल्या गाडीची सरासरी ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक धरू नये, आणि उशिराबद्दल भाड्यातून कपात करण्याची अट बिल्टीतून काढून टाकावी. दोन, आठ तासांहून अधिक प्रवासास दोन चालक किंवा मुक्काम असल्याखेरीज गाडी भरू नये. आणि माल भरेपर्यंत चालकाला झोपण्यासाठी गोदामात एक स्वच्छ खोली व पाणी असावे. तीन, गाडीच्या नोंदणीतील वजनापेक्षा एक पोतेही अधिक घालू नये आणि मालावर माणूस बसवू नये. चार, दुचाकीवर फिरणाऱ्या प्रत्येक नोकरास पेढीने हेल्मेट द्यावे. पाच, आपल्या भागातील वारंवार अपघात होणाऱ्या जागांची यादी सभासद व चालक यांच्याकडून मिळवून संघाने दरवर्षी जिल्हाधिकारी व महामार्ग प्राधिकरण यांना सादर करावी आणि तिचे पुढे काय झाले ते याच स्मरणिकेत छापावे.

या ठरावांनी भाडे थोडे वाढेल, हे मी लपवू इच्छित नाही. दोन चालकांचा पगार लागेल, दहा टनांच्या जागी बारा टन जाणार नाहीत, एखादा माल सकाळऐवजी दुपारी पोहोचेल. हा खर्च आजही होतच आहे. फक्त तो आपल्या वहीत न पडता कोणा चालकाच्या, कोणा पादचाऱ्याच्या, कोणा दुचाकीस्वाराच्या घरच्या खाती पडतो. ज्याने नफा घ्यावयाचा त्यानेच खर्च सोसावयाचा, हा व्यापाराचा जुना न्याय आहे. तो रस्त्यावरही लागू करावा, एवढीच सभासदांस विनंती.